साक्षीचा आनंद : लखनौची गोलमेज आणि मराठी ख्रिस्ती वाङ्मय

१

ख्रिस्ती धर्मप्रसाराचा अभ्यास आपल्याकडे मुख्यतः दोन अंगांनी झालेला आहे. मिशन संस्था, त्यांचे छापखाने, शाळा, दवाखाने आणि वसाहतवादी सत्तेशी असलेले त्यांचे नाते हा इतिहासकारांचा विषय ठरला. धर्मांतर कोणत्या जातीने केले, कोणत्या परिस्थितीत केले आणि त्याने सामाजिक स्थान बदलले की नाही, हा समाजशास्त्रज्ञांचा विषय ठरला. या दोन्ही अभ्यासांत एक वाङ्मयीन वस्तुस्थिती मात्र बाजूला राहते. आपली श्रद्धा दुसऱ्याला सांगणारा माणूस वारंवार असे म्हणतो की, हे सांगण्यात मला आनंद होतो आणि हा आनंद हाच माझा मोबदला आहे. हे विधान तो अभंगात करतो, कीर्तनात करतो, आत्मचरित्रात आणि पत्रांतही करतो. म्हणजेच हा आनंद आपल्यापर्यंत पोहोचतो तो कुठल्या तरी वाङ्मयप्रकाराच्या द्वारे. म्हणून त्याचे परीक्षण करण्याची जबाबदारी साहित्यसमीक्षेचीही आहे.

या परीक्षणात मूलभूत प्रश्न एकच आहे. हा आनंद नेमका कशाचा? श्रोता आपल्या बाजूला आला याचा, की आपले सांगणे घडले याचा? पहिले उत्तर स्वीकारले तर श्रोता हे केवळ साधन होते. दुसरे स्वीकारले तर श्रोत्याची गरजच उरत नाही. सांगणारा स्वतःचाच उत्सव करीत बसतो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, या पेचाचे उत्तर मराठी ख्रिस्ती लेखकांनी तत्त्वचर्चेतून दिलेले नसून सांगण्याचा घाट बदलून दिलेले आहे. वादग्रंथातून कीर्तनाकडे आणि कीर्तनातून आठवणींकडे हा प्रवास झाला, आणि त्याच्या प्रत्येक टप्प्यावर सांगणारा व ऐकणारा यांचे नाते बदलत गेले.

हा प्रवास मोजण्यासाठी येथे लखनौचा आधार घेतलेला आहे. त्याचे कारण असे की, अमेरिकन मेथडिस्ट प्रचारक ई. स्टॅन्ली जोन्स (१८८४-१९७३) यांनी १९०७ मध्ये ज्या शहरात आपल्या भारतातील कार्यास आरंभ केला ते हे शहर. श्रद्धा सांगण्याच्या पद्धतीविषयी विसाव्या शतकातील भारतात जे विचारमंथन झाले, त्याचा सर्वांत स्पष्ट आराखडा जोन्स यांच्या लेखनात सापडतो. मराठी लेखकांवर जोन्स यांचा प्रभाव दाखविण्याचा येथे हेतू नाही; नारायण वामन टिळक १९१९ मध्ये निवर्तले, तेव्हा जोन्स यांचे एकही महत्त्वाचे पुस्तक निघालेले नव्हते. येथे अभिप्रेत आहे ती समांतर घाटांची तुलना.

२

आरंभी शब्दांचा विचार करणे उपयुक्त ठरेल. लखनौ आणि अवधच्या परिसरात ज्या हिंदुस्थानीतून ख्रिस्ती परिभाषा घडली, तिच्यात धर्म सांगण्यासाठी तीन शब्द विशेष रूढ झाले : मुनादी, बशारत आणि गवाही. मुनादी म्हणजे दवंडी. दवंडी पिटणाऱ्याच्या मागे सत्ता उभी असते. तो ऐकणाऱ्याचे मत विचारीत नाही. बशारत म्हणजे आनंदाची वार्ता. ग्रीक मूळ शब्दाशी अर्थाने हाच सर्वांत जवळचा. गवाही हा शब्द कचेरीतला. साक्षीदाराला जे दिसले तेवढेच तो सांगतो. निकाल देणे त्याच्या हाती नसते.

मराठीत घोषणा, सुवार्ता किंवा शुभवर्तमान आणि साक्ष असे या तिन्हींना जवळचे शब्द आहेत. परंतु अर्थच्छटा जुळत नाहीत. वेदान्ताच्या परिभाषेत साक्षी म्हणजे जो पाहतो पण गुंतत नाही असा अलिप्त चैतन्यरूप द्रष्टा. ख्रिस्ती परिभाषेतील साक्षी याच्या अगदी उलट, गळ्यापर्यंत गुंतलेला असतो. त्याच्या बाबतीत काही तरी घडलेले असते म्हणूनच तो बोलतो. मराठी ख्रिस्ती लेखकाला हा शब्द वापरताना त्याच्या पोटातील अलिप्तता काढून टाकावी लागली. लखनौच्या भाषेची स्थिती वेगळी होती. शहादत या शब्दात साक्ष आणि बलिदान हे दोन्ही अर्थ आधीच एकवटलेले होते; ग्रीक भाषेतही साक्षीदाराच्या शब्दातूनच हुतात्म्याचा शब्द निघाला. मीर अनीस आणि मिर्झा दबीर यांनी एकोणिसाव्या शतकात लखनौमध्ये मर्सियाला जी उंची दिली, तिच्यामुळे साक्ष आणि यातना यांचे हे नाते तेथील सामान्य श्रोत्याच्याही कानात मुरलेले होते. साक्ष देणे महाग पडते, ही गोष्ट त्या शहराला समजावून सांगावी लागत नव्हती.

ज्या बायबल ग्रंथातून हा आनंदाचा विचार येतो, त्याची भूमिकाही येथे नोंदवली पाहिजे. लूकच्या शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायात हरवलेले मेंढरू सापडलेला मेंढपाळ आणि हरवलेले नाणे सापडलेली बाई, दोघेही शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावतात. वस्तू सापडली तरी शेजारी आल्याशिवाय तिचा आनंद पुरा होत नाही. योहानाच्या पहिल्या पत्राचा लेखक आपण का लिहितो हे सांगताना आनंदाच्या पूर्णतेचाच उल्लेख करतो. आणि करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल आपल्या मोबदल्याचा प्रश्न स्वतःच उपस्थित करतो व उत्तर देतो की, मोबदला न घेता सुवार्ता सांगता येणे हाच माझा मोबदला. तिन्ही ठिकाणी आनंदाला शेजाऱ्याची गरज आहे, पण त्या शेजाऱ्याने काय करावे याची अट घातलेली नाही. मराठी वाचकाला यांतील तिसरा विचार अपरिचित वाटण्याचे कारण नाही. कीर्तनाबद्दल द्रव्य घेणे तुकोबांना मान्य नव्हते, ही गोष्ट वारकरी परंपरेत सर्वश्रुत आहे.

३

या प्रवासाचा पहिला मराठी टप्पा उत्तर भारतातच घडला, ही गोष्ट लक्षणीय आहे. नीळकंठशास्त्री गोऱ्हे (१८२५-१८९५) हे काशीस स्थायिक झालेल्या चित्पावन घराण्यातील पंडित. जॉन म्यूर यांनी संस्कृतातून ख्रिस्ती मताची श्रेष्ठता प्रतिपादिली, तेव्हा तिला शास्त्रशुद्ध उत्तर देणाऱ्यांत तरुण गोऱ्हे अग्रभागी होते. त्यांचा 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' हा ग्रंथ त्याच वादातला. पुढे वाद करता करताच त्यांचे मन पालटले आणि १८४८ मध्ये जौनपूर येथे त्यांनी बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या हे नाव धारण केले. त्यानंतर १८६० मध्ये त्यांचा हिंदी 'षड्दर्शनदर्पण' प्रसिद्ध झाला. त्यात सहा दर्शनांचे खंडन आहे. म्हणजे पक्ष बदलला तरी ग्रंथप्रकार तोच राहिला. पूर्वपक्ष, उत्तरपक्ष, खंडन, मंडन ही शास्त्रार्थाची चौकट त्यांनी जशीच्या तशी ठेवली.

या चौकटीत प्रामाणिकपणा विपुल आहे. आनंद मात्र दिसत नाही. वादग्रंथात तो दिसणे कठीणच असते, कारण वादी हा वकील असतो आणि वकिलाचे सुख निकालावर अवलंबून असते. प्रतिवादी हरेपर्यंत त्याला समाधान नाही. आणि प्रतिवादी हरला तरी तो मनाने आपला झाला याची खात्री नाही. गोऱ्हे यांच्या चरित्रात आयुष्यभर टिकलेल्या शंका आणि मनाची अस्वस्थता यांचा उल्लेख येतो, तो केवळ स्वभावदोष म्हणून वाचू नये. ज्याने श्रद्धेचा मार्ग युक्तिवादातून काढला त्याला प्रत्येक नव्या युक्तिवादाची भीती बाळगावी लागते.

गोऱ्हे यांच्या युक्तिवादाचे सर्वांत मोठे फळ म्हणजे पंडिता रमाबाई (१८५८-१९२२). १८८३ मध्ये इंग्लंडातील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेण्यापूर्वी रमाबाईंच्या बुद्धीचे समाधान करण्यात गोऱ्हे यांच्या लेखनाचा वाटा होता आणि तो त्यांनी मान्यही केला. तथापि १९०७ मध्ये त्यांनी इंग्रजीतून प्रसिद्ध केलेल्या साक्षनिवेदनात त्या जो भेद करतात तो प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने कळीचा आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, असा त्याचा आशय आहे. धर्ममत युक्तिवादाने मिळू शकले. आनंद मिळायला आणखी काही वर्षे लागली. त्या निवेदनाच्या शीर्षकातच 'साक्ष' आणि 'न संपणारा ठेवा' या दोन कल्पना एकत्र आलेल्या आहेत. वाटल्याने जो कमी होत नाही असा ठेवा, हे रूपक शास्त्रार्थाच्या परिभाषेत बसणारे नव्हते. त्यासाठी रमाबाईंना स्वतःचे कुटुंब, तीर्थयात्रा, दुष्काळातील उपासमार आणि आईबापांचे मरण यांची हकीकत सांगावी लागली. वादाची जागा कथनाने घेतली. बाबा पदमनजी यांच्या 'अरुणोदय' (१८८४) या आत्मचरित्रात हे वळण मराठीत आधीच सुरू झालेले होते. पण तेथे कथन अजून युक्तिवादाचा दाखला म्हणून येते. रमाबाईंच्या निवेदनात कथन हेच प्रमाण ठरते.

४

वकील आणि साक्षीदार यांतील हाच भेद जोन्स यांनी नाव घेऊन सांगितला. 'ए साँग ऑफ असेंट्स' (१९६८) या आत्मकथनात ते अमेरिकेतील आपल्या तरुणपणीच्या पहिल्या प्रवचनाची आठवण देतात. देवाचा वकील होऊन त्याची बाजू मांडायची, अशा तयारीने ते उभे राहिले. थोडी वाक्ये होताच सारे विसरले. खाली बसावे असे वाटत असताना, ख्रिस्ताने आपल्यासाठी जे केले तेवढेच साध्या शब्दांत सांगितले, आणि तेव्हा त्यांना कळले की आपले काम वकिलाचे नसून साक्षीदाराचे आहे.

लखनौमध्ये ही समज कसोटीला लागली. १८५७ च्या उठावानंतर मेथडिस्ट मिशनने हे शहर आपले मोठे केंद्र केले. १८७० मध्ये इझाबेला थोबर्न यांनी येथे सुरू केलेली मुलींची शाळा पुढे महाविद्यालय झाली. मिशनचा छापखानाही येथेच होता. परंतु रेसिडेन्सीचे भग्नावशेष ज्या शहराच्या मध्यभागी उभे आहेत, तेथे जेत्यांच्या धर्माचा माणूस म्हणून बोलणे म्हणजे मुनादी करणे. मागे सत्ता उभी आहे ही जाणीव ऐकणाऱ्याच्या मनातून जाणे शक्य नव्हते. लालबागेतील इंग्रजीभाषक मंडळीचे पाळक म्हणून आरंभ केलेल्या जोन्स यांची प्रकृती पहिल्या आठ-दहा वर्षांत वारंवार ढासळली. या काळातून आपण लखनौच्या चर्चमध्ये प्रार्थना करताना बाहेर पडलो, असे ते सांगतात. या अनुभवाची सत्यासत्यता ठरविणे समीक्षेचे काम नाही; पण त्यानंतरच्या त्यांच्या लेखनात श्रोत्याचे स्थान वाढत जाते, हे लेखनावरून दाखविता येते.

१९२५ मधील 'द ख्राइस्ट ऑफ द इंडियन रोड' या पुस्तकात ते पाश्चात्त्य संस्कृती आणि ख्रिस्त यांची फारकत करतात. ख्रिस्ती धर्म भारताला परका वाटू नये म्हणून काय करावे, असे त्यांनी गांधीजींना विचारले; तेव्हा गांधीजींनी ख्रिस्ताप्रमाणे जगा, आपला धर्म पातळ न करता आचरा, प्रेमाला केंद्र करा आणि इतर धर्मांचा सहानुभूतीने अभ्यास करा, अशा आशयाचा सल्ला दिला, ही हकीकतही त्याच पुस्तकात आहे. सांगणाऱ्याने श्रोत्यालाच 'कसे सांगू?' असे विचारावे, ही दवंडीच्या परंपरेत न बसणारी गोष्ट होती. यातून पुढे ज्या गोलमेज बैठका घडल्या त्यांचे वर्णन 'ख्राइस्ट अ‍ॅट द राउंड टेबल' (१९२८) या पुस्तकात येते. भारतातील अनेक शहरांत या बैठका झाल्या. इतर धर्मांचे प्रतिनिधी संख्येने अधिक आणि ख्रिस्ती थोडे, अशी त्यांची रचना असे. नियम असा की, कोणी वाद घालू नये, केवळ सिद्धान्त मांडू नये, प्रवचन करू नये. धर्म आपल्या अनुभवात काय उतरला आहे तेवढे प्रत्येकाने आपली पाळी येताच सांगावे.

लखनौच्या वाचकाला या रचनेत एक जुनी ओळख पटावी. मुशायऱ्यातही शमा एकापुढून दुसऱ्यापुढे सरकते, ज्याच्यापुढे ती असते त्याचे सर्वांनी ऐकायचे असते आणि दाद देणे म्हणजे मत पत्करणे नव्हे. या रचनेवरून जोन्स यांनी आपली पद्धत घेतली असे सुचविण्याचा हेतू नाही. साधर्म्य घाटाचे आहे. दोहोंत ऐकण्याला प्रतिष्ठा आहे आणि बोलणाऱ्याचे सुख दुसऱ्याच्या पराभवावर अवलंबून नाही. १९३० मध्ये सातताल येथे आणि १९३५ मध्ये लखनौ येथे जोन्स यांनी जे आश्रम काढले, त्यांतही एकत्र राहणे आणि ऐकणे यांवर भर होता.

तथापि या पद्धतीची मर्यादाही स्पष्टपणे सांगितली पाहिजे. टेबल गोल असले तरी लेखणी एकाच्या हातात आहे. बैठकीत कोण काय बोलले हे आपल्याला जोन्स यांच्याच निवेदनातून कळते. हिंदू, मुसलमान, पारशी वक्ते बहुधा नावाशिवाय येतात आणि साऱ्या साक्षींनंतर ख्रिस्ताचे वेगळेपण उठून दिसले, हा निष्कर्ष लेखक काढतो. बैठकीत निकाल नव्हता. पुस्तकात तो आला. साक्षीदाराची भाषा बोलणाऱ्या लेखकाने ग्रंथाच्या शेवटी न्यायाधीशाची जागा घेतली. म्हणून आनंदाचा प्रश्न येथेही पूर्णपणे सुटत नाही.

५

नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांची कथा गोलमेजेच्या बऱ्याच आधीची. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशाशी त्यांचे बोलणे झाले. संभाषणाला सुरुवात संस्कृत काव्यापासून झाली. शेवटी त्या प्रवाशाने नवा करार त्यांच्या हाती ठेवला. गिरिप्रवचनाने टिळक भारावले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नीळकंठशास्त्री गोऱ्हे निवर्तले तेही याच वर्षी. कथनाच्या दृष्टीने या प्रसंगातील अर्थपूर्ण गोष्ट ही की, पुस्तक देणारा माणूस पुढच्या कथेत राहत नाही. तो स्टेशनावर उतरतो आणि टिळकांची कथा त्याच्याशिवाय पुढे जाते. देणाऱ्याचा आनंद, असलाच तर, फळ पाहण्याचा नव्हता. आपल्या आवडीचे पुस्तक एका रसिकाच्या हाती दिले एवढाच तो असू शकतो.

टिळकांनी स्वतः सांगायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी गोऱ्हे यांचा मार्ग घेतला नाही. अमेरिकन मराठी मिशनच्या अहमदनगर परिसरात कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा एकोणिसाव्या शतकातच सुरू केलेली होती. टिळकांनी कीर्तन आणि अभंग या दोन्ही प्रकारांना कवित्वाची जोड दिली. हा बदल केवळ वेषांतराचा आहे, आशय परका आणि आवरण देशी, असे मत अनेकदा मांडले जाते. ते पुरेसे नाही. वाङ्मयप्रकार बदलला की बोलणाऱ्याची भूमिकाही बदलते. कीर्तनकार हा वकील नसतो. पूर्वरंगात तो निरूपण करतो, उत्तररंगात आख्यान सांगतो. मध्ये श्रोते त्याच्यासह नामघोष करतात. श्रोते बहुधा कथा जाणतात. नवे काही कळावे म्हणून ते आलेले नसतात, ते पुन्हा एकदा ऐकायला आलेले असतात. ज्ञात गोष्ट सर्वांनी मिळून पुन्हा अनुभवणे यात कीर्तनाचा आनंद आहे.

ख्रिस्ती कीर्तनकारापुढे येथे अडचण उभी राहते. त्याची कथा श्रोत्यांना ठाऊक नाही. जी कथा सामूहिक स्मृतीत नाही, तिचे कीर्तन कसे व्हावे? टिळकांनी काढलेला मार्ग असा की, कथा नवी असली तरी नाते जुने ठेवायचे. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त हा गुरू आहे, माउली आहे. आणि माउलीशी जे हट्टाचे, रुसण्याचे, शरण जाण्याचे बोलणे वारकरी श्रोत्याच्या परिचयाचे आहे तेच येथे चालते. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. हा पूल दोन्ही बाजूंनी खुला राहतो, याकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. ज्या मराठी श्रोत्याला ख्रिस्ती व्हायचे नाही त्यालाही टिळकांचा अभंग अभंग म्हणून ऐकता येतो आणि आपल्या विठाईकडे परत जाता येते. सांगणाऱ्याचा आनंद श्रोत्याच्या परत जाण्याने नष्ट होत नाही, अशी व्यवस्था या घाटातच आहे.

फादर स्टीफन्स यांच्या 'क्रिस्तपुराणा'तही (१६१६) कथेचा आरंभ श्रोत्याच्या मागणीने होतो. नव्या धर्माची शिकवण आहे, पण वाचायला पुराण नाही, ही उणीव सासष्टीतील श्रोता बोलून दाखवितो आणि मग पाद्री सांगू लागतो. विचारणाऱ्याच्या मागणीवरून सांगणे ही पुराणपरंपरेची मुळातलीच रीत आहे. गोव्यातील त्या काळच्या सत्तेच्या दडपणामुळे ही मागणी कितपत मोकळी होती, हा प्रश्न राहतोच; परंतु घाटाने श्रोत्याला दिलेला मान नाकारता येत नाही. टिळक या परंपरेचे वारस आहेत.

मोबदल्याच्या प्रश्नावर टिळकांनी अखेरीस कृतीने उत्तर दिले. १९१२ पासून ते 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादक होते आणि मिशनचे मान्यताप्राप्त प्रचारक होते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि सातारा येथे 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात स्थान होते. पगारी प्रचारकाचे सांगणे कितीही प्रामाणिक असले तरी श्रोत्याच्या मनात बिदागीची शंका राहते. ती शंका टिळकांना दूर करायची होती. दुसरी गोष्ट अशी की, बाप्तिस्म्याची अट काढताच आकड्यांचा हिशेब थांबला. सांगण्याचे फळ मोजण्याचे साधनच त्यांनी बाजूला ठेवले. लखनौकराच्या कानाला दरबार या शब्दात नवाबी थाट ऐकू येईल. टिळकांच्या दरबारात मानाच्या जागा नव्हत्या. पौलाचे उत्तर आणि तुकोबांची भूमिका येथे एका मराठी संस्थेत एकत्र आल्या. दीड-दोन वर्षांतच टिळक निवर्तले आणि हा प्रयोग अपुरा राहिला. परंतु त्याचे वैचारिक मोल त्याच्या आयुष्यमानावर अवलंबून नाही.

६

आतापर्यंतचे विवेचन सांगणाऱ्याच्या बाजूने झाले. ज्याला सांगितले गेले त्याच्या बाजूची साक्ष मराठीला सुदैवाने लाभली आहे. लक्ष्मीबाई टिळक यांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. टिळकांच्या १८९५ मधील बाप्तिस्म्याने लक्ष्मीबाईंचे घर मोडले. जवळजवळ पाच वर्षे त्या पतीपासून दूर, लहान मुलासह नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या. एकाच्या आनंदाची किंमत दुसऱ्याने दिली. श्रद्धा वाटून घेण्याच्या सुखाविषयी लिहिणाऱ्या कोणाही लेखकाने हे प्रकरण वगळले तर त्याचे विवेचन अपुरे राहील.

'स्मृतिचित्रे' या किमतीचा हिशेब चुकता करीत नाही. लक्ष्मीबाई तक्रार करतात, हसतात, स्वतःच्या सोवळ्याची टिंगल करतात, टिळकांच्या विक्षिप्तपणाचीही करतात. आणि याच ओघात स्वतःच्या मनाचे पालटणे सांगून जातात. हे पालटणे टिळकांच्या उपदेशाचा परिणाम म्हणून त्या दाखवीत नाहीत. देवाने माणसे केली, जाती माणसांनी केल्या, हा विचार त्यांच्या मनात त्यांचा म्हणून उगवतो आणि त्यानंतर कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास त्या तयार होतात. त्यांचा बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला, तो सिद्धान्त पटल्याच्या क्षणी झाला नाही. पंगत आणि पाणवठा यांचे बंधन मनातून सुटले तेव्हा त्याची वाट मोकळी झाली. म्हणजे सांगणारा घरातच असूनही सांगण्याने काम झाले नाही. ते थांबण्याने झाले.

समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, आठवणींच्या या प्रकारात निवेदिका न्यायाधीश होत नाही. कुणाचे बरोबर होते हे पुस्तक ठरवीत नाही. सनातनी नातेवाईक तिच्या लेखणीत खलनायक होत नाहीत; त्यांची माया आणि त्यांचा हट्ट दोन्ही शिल्लक राहतात. गोलमेजेच्या बैठकीत जे नियमाने साधायचे होते आणि जोन्स यांच्या पुस्तकात जे निसटले, ते लक्ष्मीबाईंच्या कथनात विनोदाने साधले आहे. ख्रिस्ती नसलेल्या मराठी वाचकाने हे पुस्तक गेली नव्वद वर्षे आपले मानले, यामागे हे कारण आहे. टिळकांनी अपुरे सोडलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुढे नेले आणि ते १९३८ मध्ये प्रसिद्ध झाले. पतीने सांगायला घेतलेली कथा पत्नीने आपल्या ओवीत पुढे सांगावी, याहून श्रद्धा वाटून घेण्याचे अधिक बोलके उदाहरण मराठीत शोधावे लागेल. येथे श्रोता निवेदक झाला आहे.

७

या विवेचनाला आज एक तातडीचा संदर्भ आहे. संविधानाच्या अनुच्छेद २५ मध्ये धर्माचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य आहे. रेव्हरंड स्टेनिस्लॉस खटल्यात १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रसार आणि धर्मांतर यांत भेद केला. आपल्या धर्माची तत्त्वे सांगण्याचा हक्क आहे, पण दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा मूलभूत हक्क नाही, असा त्या निकालाचा आशय. लखनौ ज्या राज्याची राजधानी आहे त्या उत्तर प्रदेशात २०२० मध्ये अध्यादेशाने आणि २०२१ मध्ये कायद्याने बेकायदा धर्मांतरास प्रतिबंध करण्यात आला. २०२४ मध्ये त्यातील शिक्षा अधिक कठोर करण्यात आल्या. बळ आणि फसवणूक यांच्याबरोबर प्रलोभन हा या कायद्यातील एक कळीचा शब्द आहे. या कायद्याची बाजू घेणारे दुर्बलांच्या संरक्षणाचा मुद्दा मांडतात; विरोधक श्रद्धेच्या साध्या उच्चारालाही भय निर्माण होईल असे म्हणतात. त्या वादाचा निकाल साहित्याच्या अभ्यासकाने द्यावा अशी अपेक्षा नाही.

परंतु एक गोष्ट त्याने निदर्शनास आणून द्यावी. सांगणे आणि वळविणे यांतील जो भेद न्यायालयाने १९७७ मध्ये शब्दांत मांडला, त्याचा शोध मराठी ख्रिस्ती वाङ्मय त्याच्या आधी शंभर वर्षांहून अधिक काळ घेत होते. गोऱ्हे यांच्या ग्रंथात हे दोन्ही एकजीव आहेत. रमाबाईंच्या निवेदनात ते वेगळे होऊ लागतात. टिळकांच्या दरबारात ते जाणीवपूर्वक वेगळे केले जातात आणि 'स्मृतिचित्रे'त सांगण्याला वळविण्याची गरजच उरत नाही. प्रलोभनाचा विचारही या क्रमात आहे. कारण सांगणाऱ्याचा मोबदला आणि ऐकणाऱ्याला दाखविलेला मोबदला ही एकाच व्यवहाराची दोन टोके होत. टिळकांनी पहिले टोक सोडून दुसऱ्याविषयीचा संशय दूर करण्याचा प्रयत्न केला.

या अभ्यासातून तौलनिक समीक्षेपुरता निघणारा निष्कर्ष असा. श्रद्धा वाटून घेण्याचा आनंद ही केवळ मानसिक अवस्था नाही. ती वाङ्मयप्रकाराने शक्य किंवा अशक्य होणारी गोष्ट आहे. वादग्रंथात तो निकालासाठी तहकूब राहतो, गोलमेजेत नियमाच्या आधाराने काही काळ टिकतो, कीर्तनात श्रोत्यांसह घडतो, आणि आठवणींत किंमत मोजल्यानंतर हसत परत येतो. उत्तर भारतातील गवाही-वाङ्मय आणि मराठीतील साक्ष-वाङ्मय यांचा एकत्रित अभ्यास अजून पुरेसा झालेला नाही. उर्दू-हिंदीतील ख्रिस्ती गझल व भजने, लखनौच्या मिशन छापखान्यातील साहित्य आणि अहमदनगर-सातारा परिसरातील अभंग व कीर्तने शेजारी ठेवून वाचली, तर धर्मांतराच्या आकडेवारीत न सापडणारा श्रोता त्यांत सापडण्याची शक्यता आहे. त्याने काय ऐकले, काय घेतले आणि काय नम्रपणे परत केले, हे त्या वाचनाचे पहिले प्रश्न असावेत.